हुतात्मा गेली कुठे?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी ज्येष्ठ मंडळींना कॉम्प्युटर शिकवायचं काम माझ्याकडे आहे. मानधन म्हणजे चहा आणि खारी. मध्यंतरी शेजारच्या काकूंना सोलापूरला भाचीकडे जायचं होतं. त्यांनी पुणे ते सोलापूर गाड्या शोधल्या, यादी उघडली. यादीतल्या हुतात्मा एक्स्प्रेसवर टिचकी मारली, वेळ बघितली आणि ‘मागे’चा बाण दाबून यादीवर परत आल्या. मग उद्यान एक्स्प्रेस उघडली. ती काही पटली नाही. हुतात्मा पुन्हा बघावी म्हणून बाण दाबला, तर यादी. परत दाबला, तर शोधाचं पान. त्यानंतर बाणच फिका पडला.

“अरे, आत्ता तर बघितली होती. हुतात्मा गेली कुठे?”

“सुटली असेल,” मागच्या खुर्चीवरून आवाज आला. पुण्यात वर्ग घ्यायचा म्हणजे एवढं सोसावंच लागतं.

मला मात्र हसू आलं नाही, कारण १९९७ साली कर्वे रस्त्यावरच्या एका सायबर कॅफेत मीही असाच चक्रावलो होतो. पडद्यावर नेटस्केप नॅव्हिगेटर हा ब्राउझर, म्हणजे वेबवरची पानं दाखवणारा प्रोग्रॅम, कोपऱ्यात मोठा एन आणि त्याच्यावरून पडणाऱ्या उल्का. उल्का पडतायत तोवर पान येतंय असं समजायचं आणि घड्याळाकडे बघत बसायचं, कारण पैसे तासावर. निळा अधोरेखित शब्द, म्हणजे दुवा, दिसला की टिचकी मारायची एवढं लगेच कळलं. परत कसं यायचं हे कळायला मात्र आठवडा गेला.

चित्रं आणि मजकूर एकाच पानात दाखवून वेबला घराघरांत नेणारा ब्राउझर म्हणजे मोझॅक. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तो १९९३ मध्ये आणला. वेब ही मूळ कल्पना टिम बर्नर्स-ली यांची. सर्न या प्रयोगशाळेत त्यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला होता. अँड्रीसन पुढे बाहेर पडले आणि १९९४च्या डिसेंबरात नेटस्केप नॅव्हिगेटर आला. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ला. इतिहास इतका पुरे.

नॅव्हिगेटर या नावानं मात्र एक घोळ करून ठेवला. नॅव्हिगेटर म्हणजे जहाजाला मार्ग दाखवणारा. त्यामुळे ‘साइटवर गेलो’, ‘तिथून परत आलो’ असं आपण बोलायला लागलो. प्रत्यक्षात आपण कुठेही जात नाही. ब्राउझर दूरच्या सर्व्हरला, म्हणजे पानं साठवणाऱ्या संगणकाला, निरोप धाडतो, ‘अमुक पान द्या’. सर्व्हर त्याची एक प्रत पाठवतो आणि, मूळ रचनेनुसार, आपल्याला विसरून जातो. आधी आपण काय मागितलं होतं, याची नोंद ठेवायची त्याच्यावर सक्ती नाही. मग ‘मागे’ म्हणजे कशाच्या मागे? ती आठवण असते आपल्याच यंत्रात. ती कशी ठेवलेली असते, हा माझ्या आवडीचा विषय. त्यामुळे आता थोडं लांबणार आहे.

आजीच्या घरातली उतरंड आठवा. एकावर एक रचलेली मडकी, खाली मोठं, वर लहान. नवं मडकं ठेवायचं तर वरच, काढायचं तरी वरचंच. मधलं हवं असेल तर आधी त्याच्या वरची सगळी उतरवायची. संगणकशास्त्रात या रचनेला स्टॅक म्हणतात, पण मला उतरंडच जास्त पटते. नवं पान उघडलं की उतरंडीवर एक मडकं चढतं. ‘मागे’ दाबलं की वरचं उतरतं आणि त्याच्या खालचं दिसू लागतं. उतरलेलं मडकं लगेच फुटत नाही. ते शेजारी दुसऱ्या, छोट्या उतरंडीवर ठेवलं जातं. ‘पुढे’चा बाण दाबला की तिथून उचलून पुन्हा पहिलीवर.

आता काकूंचा प्रवास मांडू. पहिल्या उतरंडीत खालून वर शोध, यादी, हुतात्मा. त्यांनी ‘मागे’ दाबलं. हुतात्मा शेजारच्या उतरंडीवर गेली. वर राहिली यादी. या क्षणी ‘पुढे’ दाबलं असतं तर हुतात्मा मिळाली असती. काकूंनी त्याऐवजी उद्यानवर टिचकी मारली. नियम असा, की नवी वाट धरली की शेजारची उतरंड अख्खी टाकून द्यायची. म्हणून आता पहिलीत उरले शोध, यादी, उद्यान. हुतात्मा नाहीच. काकू कितीही वेळा मागे गेल्या तरी ती दिसणार नाही.

प्रोग्रॅमर मंडळी हेच दोन उतरंडी न करता एका रांगेनं करतात. वेबपानांच्या पत्त्यांची एक यादी आणि तिच्यातल्या एका पत्त्यावर टेकवलेलं बोट. ‘मागे’ म्हणजे बोट एक घर डावीकडे, ‘पुढे’ म्हणजे एक घर उजवीकडे. नवा दुवा उघडला की बोटाच्या उजवीकडचं सगळं खोडायचं, तिथे नवा पत्ता लिहायचा आणि बोट त्याच्यावर न्यायचं. परिणाम अगदी तोच. ज्यांना इथे गरगरलं असेल त्यांनी कागदावर चार चौकोन काढून खडा सरकवून बघावा. कॅफेत मी तेच केलं होतं, बिलाच्या पाठीवर.

पण असं विसरभोळं यंत्र केलं कशाला? जे पाहिलं ते सगळं क्रमानं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? समजा काकूंनी यादीतल्या १० गाड्या एकेक करून बघितल्या, प्रत्येक वेळी यादीवर परत येऊन. सगळं क्रमानं ठेवलं, तर दहाव्या गाडीवरून शोधाच्या पानापर्यंत यायला बाण २० वेळा दाबावा लागेल, कारण मध्ये दर वेळी यादी येते. उतरंडीच्या हिशेबात फक्त २ वेळा. अप्पा बळवंत चौकात उभं राहून पुस्तकांची १० दुकानं धुंडाळली, तरी घरी जाताना आपण त्याच दहा दुकानांत उलट्या क्रमानं शिरत नाही. चौकातून सरळ वाट धरतो. यंत्र सोयीसाठीच विसरतं. फक्त ही सोय कुणी आपल्याला सांगितलेली नसते.

हा बाण किती महत्त्वाचा आहे ते मोजलंही गेलंय. जॉर्जिया टेक या संस्थेत लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको यांनी १९९५ मध्ये मोझॅक वापरणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांत दुवा उघडण्याचं प्रमाण सुमारे ५२ टक्के आणि ‘मागे’ दाबण्याचं ४१ टक्के निघालं. माणूस वेबवर जवळजवळ पुढे जातो तेवढाच मागे येतो. दोन वर्षांनी कॅनडातल्या कॅल्गरीत लिंडा टॉशर आणि सॉल ग्रीनबर्ग यांना आढळलं, की उघडलेल्या पानांपैकी ५८ टक्के आधी पाहिलेलीच असतात. म्हणजे काकूंसारखे आपण सगळेच.

या मडक्यांत असतं काय? मुख्यतः नुसता पत्ता. ‘उतरंडीला नसेना दाणा’ ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. पान खरोखर दिसायला हवं असेल तर ते पुन्हा मागवायला हवं, किंवा त्याची प्रत डिस्कवर ठेवलेली हवी. सेकंदाला २८.८ किलोबिट आणणाऱ्या, फोनच्या तारेवरच्या मोडेमवर ३० किलोबाइटचं एक चित्र यायला ८ सेकंदांहून जास्त लागायचे. डिस्कवरची प्रत डोळ्याचं पातं लवायच्या आत यायची. म्हणून कॅफेत ‘मागे’ दाबणं फुकटात पडायचं आणि पुढे जाणं महागात. फायरफॉक्सनं २००५ मध्ये याच्याही पुढची मजल मारली. सोडलेलं पान जसंच्या तसं गोठवून मेमरीत ठेवायला सुरुवात केली, झाकून ठेवलेल्या ताटासारखं.

ताट झाकून ठेवलं म्हणून जेवण झालेलं नाही असं होत नाही. वर्गातल्या एका काकांची समजूत होती, की विजेचं बिल भरल्यावर ‘मागे’ दाबलं की पैसे परत येतात. तसं होत नाही हो. पैसे भरायचा निरोप सर्व्हरला पोचला की काम संपलं. बाण फक्त आपल्या पडद्यावरचं पान बदलतो. टपालपेटीत टाकलेलं पत्र पेनाचं टोपण लावल्यानं परत येत नाही. याच काकांनी वास्तुशास्त्राला धरून राउटर ईशान्य कोपऱ्यात टांगलाय आणि स्वयंपाकघरात नेट येत नाही म्हणून तक्रार करतात. वायफायच्या लहरी भिंतीत क्षीण होतात. राउटरला दिशा कळत नाही, भिंती कळतात. घराच्या मध्यावर ठेवा म्हटलं, तर ब्रह्मस्थान मोकळं हवं म्हणाले. मी चहा घेतला.

हुतात्माकडे परत येऊ. ब्राउझरकडे उतरंडीखेरीज दुसरी एक वही असते. तिच्यात पाहिलेला प्रत्येक पत्ता तारीखवार उतरतो आणि नवी वाट धरल्यानं तिच्यातलं काही खोडलं जात नाही. या वहीच्या आधारेच जुन्या ब्राउझरमध्ये पाहिलेला निळा दुवा जांभळा व्हायचा. केवढी साधी युक्ती! उतरंड विसरली तरी यादीतला जांभळा शब्द सांगायचा, इथे येऊन गेलायस. हाच जांभळा रंग पुढे चहाडखोर निघाला. एखादी साइट आपल्या पानावर हजार पत्ते टाकून त्यांतले कोणते जांभळे झाले ते वाचू शकायची आणि आपण कुठे कुठे फिरलो ते ओळखायची. २०१० च्या सुमारास ब्राउझरांनी यावर पहिली मोठी कुलपं लावली. २०२५ मध्ये क्रोम या ब्राउझरनं जांभळ्या दुव्यांची नोंदच वेगवेगळ्या साइटींसाठी कप्प्यांत वाटून टाकली. आता तिथे एका साइटवरून उघडलेला दुवा दुसऱ्या साइटवर जांभळा दिसत नाही.

काकूंच्या यादीत हुतात्मा जांभळी नव्हती. पान सजवणाऱ्यानं सगळे दुवे एकाच करड्या रंगाचे केले होते. हल्लीच्या या फॅशनला मी आळसच म्हणतो. मग कंट्रोल आणि एच दाबून वही उघडली. वरून तिसरी ओळ हुतात्मा एक्स्प्रेसची.

“म्हणजे होती की इथेच,” काकू म्हणाल्या. चष्मा सारखा करून त्यांनी सुटायची वेळ बघितली आणि पिशवीतून कॅलेंडरचं जुनं पान काढून त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं उतरवून घेतली.