अफूवर्गीय व्यसन, अतिमात्रा आणि आत्महत्येचा धोका (ठाणे–नवी मुंबई)

गर्द (हेरॉइन), अफू, मॉर्फीन आणि कोडीन, ट्रामाडॉल ही औषधे एकाच वर्गातली. या वर्गाचे व्यसन लागलेल्यांत अतिमात्रेने (ओव्हरडोसने) होणारे मृत्यू आणि आत्महत्या, दोन्ही जास्त आढळतात. अनेक अभ्यासांच्या २००४ मधील एकत्रित आढाव्यात त्यांच्यातील आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे साडेतेरा पट दिसले.

न्हावा-शेवा बंदरात २०२१ मध्ये सुमारे तीनशे किलो हेरॉइन पकडले गेले. भिवंडी-मुंब्रा भागात पोलीस कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचे साठे जप्त करतात. छाप्यांची बातमी होते, घरातल्या मृत्यूची सहसा होत नाही. पोलीस ठाण्यात 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते आणि व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला जातो. रासायनिक अहवालात पदार्थाचे नाव येते, त्या रात्री माणसाच्या मनात काय होते ते येत नाही. कित्येकांनी मरायचे ठरवलेले नसते, पण 'सकाळी जाग आली नाही तरी चालेल' इथवर ते पोहोचलेले असतात. कर्ज, तुटलेले घर, नैराश्य आणि टर्कीतल्या (नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासातल्या) बिनझोपेच्या रात्री त्यांना तिथवर नेतात. म्हणून अतिमात्रेतून वाचलेल्याला 'चुकून जास्त झाले' एवढ्यावर घरी पाठवू नये. जगावेसे वाटते का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

सर्वांत धोक्याचा काळ व्यसन थांबल्यानंतरचा असतो, आणि नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा ठाणे, तळोजा कारागृहातून सुटलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते. 'स्लिप' झाली, म्हणजे पुन्हा एकदा नशा केली, आणि जुनीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावत थांबू शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर अधिकच. पहिले काही आठवडे माणूस एकटा नसावा.

अतिमात्रेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात आणि घशातून खोल घरघर येते. बाहेरच्या खोलीत आईला वाटते, बरेच दिवसांनी पोरगा गाढ झोपला. हाक मारून, हलवून जाग येत नसेल तर लगेच १०८ ला फोन करावा आणि त्याला कुशीवर वळवावे. दूध, लिंबूपाणी, मिठाचे पाणी काहीही पाजू नये. रुग्णालयात नॅलॉक्सोनचे, म्हणजे अफूवर्गीय पदार्थांवरच्या उताऱ्याचे, इंजेक्शन वेळेत मिळाल्यास श्वास पुन्हा सुरू होतो. त्याचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे शुद्ध आली तरी काही तास देखरेख लागते.

जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीने टर्की आवरते आणि मृत्यूचा धोका घटतो. ती मध्येच बंद केली की धोका पुन्हा वाढतो. नैराश्यावर उपचार सोबतच व्हावे लागतात. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे, पण तिथली पायरी चढायला लोक अजून बिचकतात. पोलिसांच्या भीतीनेही उपचार लांबतात. वास्तविक अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवन किंवा अल्प प्रमाणासंबंधीच्या खटल्यापासून संरक्षण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आहे. टेलि-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येते, व्यसनमुक्तीसाठी १४४४६.