सागरी मत्स्यालयातील नवा मासा : रोगनिदान व उपचार

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी विकत घेतलेला मासा मूळ टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळा ठेवणे, त्या काळात त्याच्या अंगावरील परजीवी व इतर रोग ओळखणे आणि ओळख पटल्यावरच औषध देणे, या कृतींचा या विषयात समावेश होतो. व्यवहारात हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. मासा थेट मोठ्या टाकीत जातो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतात आणि हाताशी असेल ते औषध पाण्यात पडते. औषधाने प्रवाळ आणि कोळंब्या मरतात. रोग मात्र टाकीत राहतो.

गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे बहुतांशी पैदास केंद्रांत जन्मलेले असतात, तर सागरी माशांच्या बहुतेक जाती आजही प्रवाळखडकांवरूनच पकडल्या जातात. पकडणारा, निर्यातदार, आयातदार आणि दुकानदार अशा हातांतून जाताना मासा अनेकदा उपाशी राहतो. दुकानातील टाक्या एकाच फिरत्या पाण्याने जोडलेल्या असतील, तर एका माशाचा परजीवी सर्वांपर्यंत पोहोचतो. फिलिपीन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइडने गुंगी आणून मासे पकडण्याची वाईट प्रथा रुजली. असा मासा काही दिवस खातो-पितो आणि कोणतेही बाह्य लक्षण न दाखवता मरतो. त्यावर उपचार नाही. क्लाउनफिशसारख्या काही जातींची पैदास आता बंदिस्त पाण्यात होते, आणि भारतात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने हे तंत्र विकसित केले आहे. असे मासे घेणे केव्हाही चांगले. मात्र या माशांचा परजीवींशी पूर्वी संबंध आलेला नसल्याने, रोगी माशांच्या सहवासात ते लवकर बळी पडतात.

मासा घरी पोहोचताच पहिला धोका रोगाचा नसून पिशवीतल्या पाण्याचा असतो. लांबच्या प्रवासात बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण माशाच्या श्वासातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरलेला असल्याने तो अमोनिया तुलनेने निरुपद्रवी स्वरूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे लांबून आलेल्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसण्याची परिचित रीत येथे अपायकारक ठरते. त्याऐवजी पिशवीतील पाण्याची क्षारता मोजून विलगीकरण टाकीचे पाणी आधीच तेवढ्या क्षारतेचे करावे, पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि मासा लगेच सोडावा. समुद्राच्या पाण्याची क्षारता दर हजारी सुमारे ३५ भाग असते, पण दुकानातील पाणी पुष्कळदा त्याहून बरेच कमी खारे असते. कमी क्षारतेकडे जाणे माशाला सोसते, वाढती क्षारता मात्र काही दिवसांत हळूहळूच द्यावी लागते.

नव्या माशांत सर्वाधिक आढळणारा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तो क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स या पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म तंतू) असलेल्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकात त्याचे वर्णन केले आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनी त्याला आजचे नाव दिले. यातील क्रिप्टोकॅरियॉन या शब्दाचा अर्थ ‘दडलेले केंद्रक’ असा होतो. गोड्या पाण्यातही असाच ठिपक्यांचा रोग असतो, पण त्याचा जंतू वेगळ्या कुळातील आहे. म्हणून गोड्या पाण्यातला उपाय, म्हणजे तापमान वाढवणे आणि पाण्यात मीठ टाकणे, येथे चालत नाही. सागरी परजीवीचे चक्र वाढत्या तापमानात वेगाने फिरते, एवढेच त्यातून साधते.

उपचाराची सगळी मदार या जीवनचक्रावर आहे. पाण्यात पोहणारी अवस्था माशाला गाठते आणि त्वचेच्या किंवा कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरते. तेथे ऊतींवर पोसत ती साधारण ३ ते ७ दिवस राहते. बाहेरून दिसणारा मिठाच्या खड्याएवढा ठिपका म्हणजे तीच. पूर्ण वाढ झाली की परजीवी अंगावरून सुटतो, बहुधा अंधारात. मग तो टाकीच्या तळाशी, वाळूवर किंवा खडकावर चिकटून स्वतःभोवती पुटी, म्हणजे संरक्षक कवच, तयार करतो. पुटीत विभाजन होऊन शेकडो नवे जीव तयार होतात आणि दिवसांनी किंवा आठवड्यांनी बाहेर पडतात. हे नवे जीव एक-दोन दिवसच जगतात आणि त्यांची बाधा करण्याची क्षमता काही तासांतच ओसरू लागते. समुद्रात ते विखरून जातात, म्हणून तेथे या रोगाची साथ क्वचितच उद्भवते. टाकीच्या चार काचांत मात्र त्यांना पुन्हा तोच मासा सापडतो.

यावरून निदानाची एक महत्त्वाची कसोटी मिळते. ठिपके दोन-तीन दिवस दिसून नाहीसे झाले आणि आठवडाभराने अधिक संख्येने परतले, तर हा रोग क्रिप्टोकॅरियॉनचा समजावा. मधल्या काळात मासा स्वच्छ दिसतो आणि कोणतेही निरुपयोगी औषध त्या दिवशी गुणकारी भासते. बाजारातील ‘प्रवाळांना सुरक्षित’ म्हणवणाऱ्या अनेक औषधांची ख्याती या स्वच्छ दिवसांवरच उभी आहे, असे म्हणणे भाग आहे. शिवाय बाधा फक्त कल्ल्यांत असेल, तर अंगावर एकही ठिपका दिसत नाही. ब्लू टँग व त्याच्या कुळातील मासे या रोगाला विशेष लवकर बळी पडतात.

दुसरा आणि अधिक घातक रोग मखमली रोग म्हणून ओळखला जातो. त्याचे कारण अ‍ॅमिलूडिनियम ऑसेलॅटम हा कशाभिका (चाबकासारखा तंतू) असलेला एकपेशीय जीव आहे. तो प्रथम कल्ल्यांवर हल्ला करतो. त्यामुळे अंगावर काही दिसण्याआधीच माशाचा श्वास जलद होतो, तो खाणे सोडतो आणि फिल्टरच्या किंवा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहतो. पुढे अंगावर सोनेरी-करड्या पिठासारखी बारीक भुकटी दिसते. अंधारात बाजूने टॉर्च धरल्यास ती स्पष्ट होते. ठिपके मोजता आले तर क्रिप्टोकॅरियॉनचा आणि मोजता येणार नाहीत इतके बारीक असले तर मखमली रोगाचा संशय घ्यावा, हा अनुभवी मत्स्यपालकांचा ठोकताळा बराचसा विश्वासार्ह आहे. हा रोग अंगावर काढता येत नाही. लक्षणे दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत मासा जाऊ शकतो.

क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत पांढरट थर सालीसारखा सुटू लागला, तर ब्रुकलिनेला हॉस्टिलिस या परजीवीचा संशय घ्यावा. लॉम आणि निग्रेली यांनी १९७० मध्ये त्याचे वर्णन केले. तो माशाच्या अंगावरच दुभागून वाढतो, त्यामुळे पुटीच्या अवस्थेची वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही आणि पाण्यात मिसळायच्या तांब्याच्या औषधाचा त्यावर उपयोग होत नाही. क्रोमिस माशांच्या कुशीवर लालसर जखमा उठणे हे युरोनेमा या आणखी एका परजीवीचे लक्षण असते, आणि जखम खोल गेल्यावर मासा वाचणे अवघड असते. याउलट परांच्या कडेला फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या, तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणुजन्य आजार असतो. त्यावर औषध नाही आणि त्याची गरजही क्वचितच भासते; चांगले पाणी आणि पोषण मिळाल्यास गाठी आपोआप झडतात. अशा माशाला ठिपक्यांचा रोगी समजून तांबे देणे ही चूक वारंवार होते.

त्वचेवरील चपट्या कृमींचे निदान गोड्या पाण्याच्या स्नानाने होते. क्लोरिन काढलेले, टाकीइतकेच तापमान व पीएच असलेले गोडे पाणी बादलीत घेऊन त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) सोडावा आणि मासा सुमारे ५ मिनिटे त्यात ठेवावा. एरवी पारदर्शक असणारे कृमी पांढरे पडून तीळासारखे तळाशी गळतात. मासा कलंडला किंवा निपचित पडला, तर लगेच बाहेर काढावा. या कृमींवर प्राझिक्वांटेल हे औषध देतात. त्यांच्या अंड्यांवर ते चालत नसल्याने आठवडाभराने दुसरी मात्रा लागते. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल, तर त्वचेवरून हलकेच खरवडलेला नमुना पाहणे हे या सर्व तर्कांहून श्रेष्ठ.

विलगीकरण टाकी साधी असावी. लहान माशासाठी ४० ते ८० लिटरची काचेची टाकी, हीटर, एअर पंप, झाकण आणि लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरेसे होतात. वाळू व खडक घालू नयेत, कारण चुनखडीयुक्त पदार्थ तांबे शोषून घेतात. स्पंज फिल्टर मात्र काही आठवडे आधी चालत्या, निरोगी टाकीत ठेवून जिवाणूंनी भरलेला असावा. अन्यथा रोगातून वाचलेला मासा अमोनियाने मरतो. महाराष्ट्रात उन्हाळ्यात चिलरशिवाय टाकीचे पाणी सहज ३० अंशांपर्यंत तापते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि कल्ल्यांना बाधा झालेल्या माशाला तोच सर्वांत जास्त हवा असतो. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप औषधाइतकाच आवश्यक आहे.

तांबे हे क्रिप्टोकॅरियॉन व मखमली रोग या दोन्हींवरचे जुने आणि खात्रीचे औषध. ते माशाच्या त्वचेखालील परजीवीपर्यंत किंवा पुटीच्या आत पोहोचत नाही. पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेलाच मारते. म्हणून मात्रा एक दिवसही उतरू देता येत नाही. मुक्त तांब्याचे प्रमाण दर लिटरमध्ये ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात. दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या स्वरूपातील तांब्याच्या औषधांत प्रमाण बरेच जास्त असते आणि ते त्या-त्या औषधाच्या सूचनेप्रमाणेच पाळावे. चाचणी संचही त्याच प्रकारच्या तांब्याचा हवा. मात्रा एक-दोन दिवसांत चढवत न्यावी आणि मासा त्याच टाकीत राहणार असेल तर ३० दिवस टिकवावी. अमोनिया बांधणारी रसायने याच पाण्यात घातल्यास बांधलेले तांबे मोकळे होऊन मासा दगावू शकतो. शार्क व रे (पाकट) यांना तांबे कधीही देऊ नये.

तांबे न सोसणाऱ्या माशांसाठी क्लोरोक्विन फॉस्फेट दर लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम या प्रमाणात वापरले जाते. हिवतापावरील गोळी म्हणून हे नाव आपल्याकडे परिचित आहे, पण गोळ्यांत इतर भरणद्रव्ये असल्याने शुद्ध भुकटीच वापरावी आणि तीही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. ब्रुकलिनेलावर फॉर्मॅलिनचे अल्पकाळचे स्नान देतात. फॉर्मॅलिन कर्करोगजनक आहे, पाण्यातील प्राणवायू घटवते आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल, तर ते माशासाठी जहाल विष ठरते.

औषधाविना होणारा उपाय टाकी बदलण्याचा. मासा दर ७२ तासांनी पूर्ण कोरड्या, निर्जंतुक टाकीत ताज्या पाण्यात हलवला, तर त्याच्या अंगावरून गळलेल्या पुट्या फुटण्याआधीच मागे राहतात आणि चार स्थलांतरांत तो क्रिप्टोकॅरियॉनमुक्त होतो. कोलोर्नी यांच्या १९८०च्या दशकातील प्रयोगांनी या पद्धतीला आधार दिला. क्षारता दर हजारी १६ भागांखाली आणून पुट्या नष्ट करण्याची पद्धतही वापरतात, परंतु कमी क्षारतेत तग धरणारे प्रकार नोंदले गेले आहेत. मखमली रोगावर तर ती निरुपयोगी आहे, कारण त्याचा जंतू निमखाऱ्या पाण्यातही फोफावतो.

रोगी मासा मोठ्या टाकीत सोडून झालाच असेल, तर सर्व मासे बाहेर काढून उपचार करणे आणि ती टाकी माशांविना ठेवणे हाच मार्ग उरतो. प्रवाळ, शंख व कोळंब्या तेथे राहू शकतात, कारण क्रिप्टोकॅरियॉन त्यांच्यावर जगत नाही. पुटी ७२ दिवसांनंतर फुटल्याची नोंद असल्याने ही मुदत ७६ दिवस धरण्याची पद्धत पडली. एक जरी मासा मागे राहिला, तरी मुदत वाया जाते. बरा झालेला मासा काही महिने अंशतः प्रतिकारक्षम राहतो आणि स्वतः निरोगी दिसत असताना कल्ल्यांत थोडे परजीवी बाळगू शकतो, म्हणून ‘माझे जुने मासे ठीक आहेत’ हा टाकी रोगमुक्त असल्याचा पुरावा नव्हे.

औषध संपल्यावर फिल्टरमधील सक्रिय कार्बनने पाणी स्वच्छ करून मासा आणखी दोन आठवडे औषधाविना पाहावा. तो नियमित खात असेल आणि विश्रांतीच्या वेळी त्याचा श्वास संथ असेल, तरच त्याला मोठ्या टाकीत न्यावे. तोवर विलगीकरण टाकीची जाळी, बादली आणि नळ्या वेगळ्या ठेवाव्यात. मखमली रोगाचे जंतू हवेत उडणाऱ्या तुषारांतूनही पसरतात, म्हणून ही टाकी शक्यतो दुसऱ्या खोलीत असावी.