वाहन रिकॉल

उत्पादनातील किंवा आराखड्यातील दोषामुळे प्रवाशांच्या अथवा रस्त्यावरील इतरांच्या जिवाला धोका आहे असे आढळल्यावर, विकलेल्या वाहनांतील तो दोष उत्पादकाने विनामूल्य दूर करून देणे म्हणजे वाहन रिकॉल. वाहन कारखान्यात क्वचितच परत जाते; काम अधिकृत सेवा केंद्रात होते, आणि दोष केवळ सॉफ्टवेअरचा असेल तर अलीकडे इंटरनेटवरून अपडेट पाठवूनही भागते. ब्रेक पॅड, वायपर, टायर यांची नेहमीची झीज यात मोडत नाही. सुरक्षेशी संबंध नसलेल्या त्रुटींसाठी कंपन्या वेगळी सर्व्हिस कॅम्पेन काढतात.

कायदा. पूर्वी उत्पादक सदोष भाग विक्रेत्यांमार्फत गाजावाजा न करता बदलून देत. त्याला वैधानिक रूप आले ते अमेरिकेच्या १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने, म्हणून रिकॉलची सुरुवात बहुधा तेथूनच मानतात. मात्र त्या कायद्याने दोष कळवण्याचेच बंधन घातले होते. दुरुस्तीचा खर्च उत्पादकावर आला तो १९७४ च्या दुरुस्तीने. विनामूल्य दुरुस्ती हा रिकॉलचा गाभा धरल्यास १९७४ हेच वर्ष अधिक ग्राह्य ठरते. दोष कळवण्याऐवजी दडवल्याची उदाहरणेही आहेत: जपानमध्ये मित्सुबिशी मोटर्सने ग्राहकांच्या तक्रारी अनेक वर्षे दडवल्याचे २००० साली उघड झाले. भारतात वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने २०१२ मध्ये ऐच्छिक संहिता स्वीकारली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम ११०-अ ने सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार दिला आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

दोषाचे मूळ व व्याप्ती. किती वाहने परत मागवायची हे दोषाचे कारण काय ठरते यावर अवलंबून असते. चूक एका यंत्राची किंवा एका पाळीची असेल, तर ठरावीक तारखांदरम्यान बनलेल्या वाहनांचे चॅसिस क्रमांक काढले की पुरते. दोष आराखड्यात किंवा पदार्थातच असेल, तर तो भाग बसवलेले प्रत्येक वाहन यादीत येते.

जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचे (टक्कर होताच वायू सोडून एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचे) प्रकरण याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. या इन्फ्लेटरमध्ये वायू निर्माण करण्यासाठी अमोनियम नायट्रेटच्या दाबून केलेल्या वड्या वापरत. टक्कर झाल्यावर काही इन्फ्लेटरचे धातूचे कवच फुटून तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसले. होंडाने २००८ मध्ये काढलेला पहिला रिकॉल जेमतेम चार हजार वाहनांचा होता. तेव्हाचे निदान उत्पादनातील चुकीचे होते: वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक येथे वड्यांवर पुरेसा दाब पडला नाही, आणि मेक्सिकोतील मोन्क्लोवा येथे वड्यांना दमट हवा लागली. पण या चुकांच्या काळाबाहेर बनलेले इन्फ्लेटरही फुटत राहिले, आणि रिकॉलमागून रिकॉल काढावे लागले.

पुढील चाचण्यांनी दुसरे कारण पुढे आणले. शुद्ध अमोनियम नायट्रेटची स्फटिकरचना ३२° से. च्या आसपास बदलते व त्यासोबत आकारमानही बदलते. हे टाळण्यासाठी स्थिरक (रचना स्थिर ठेवणारा पदार्थ) मिसळलेला असला, तरी आत शिरलेला ओलावा आणि वर्षानुवर्षांचे दिवस-रात्रीचे तापमानातील चढउतार यांमुळे वडी सच्छिद्र होते. ज्वलनासाठी उपलब्ध पृष्ठभाग वाढला की वायू अपेक्षेपेक्षा झपाट्याने निर्माण होतो आणि कवच तो दाब सोसत नाही. ताकाताने नेमलेली जर्मनीची फ्राउनहोफर संस्था आणि वाहन कंपन्यांसाठी काम करणारी ऑर्बिटल एटीके यांचा भर वेगवेगळा असला, तरी उष्णता, ओलावा व काळ या तिहेरी कारणावर दोघींचे निष्कर्ष जुळतात. उत्पादनातील चुकांनी काही खेपा लवकर निकामी केल्या, मूळ दोष मात्र ओलावा टिपणाऱ्या शोषकाविना वापरलेल्या अमोनियम नायट्रेटचा, हे मत आता अधिक मान्य आहे. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर या कक्षेत आले. कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सुरुवातीला अनेक वाहनांत त्याच जातीचे नवे इन्फ्लेटर बसवले गेले. अशा वाहनांना नंतर पुन्हा बोलवावे लागले.

निदान चुकण्याचे आणखी एक कारण नोंदींतले आहे. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमधील स्प्रिंग कमकुवत असल्याने किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने स्विच फिरे. इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. पुढे स्प्रिंग बदलली, पण भाग क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे नवी वाहने ठीक आणि जुनी सदोष का, हे तपासणाऱ्यांना अनेक वर्षे उमगले नाही. रिकॉल २०१४ मध्ये निघाला.

दुरुस्ती. इन्फ्लेटर बदलताना इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढतात व पुस्तिकेत दिलेला वेळ थांबतात. कपॅसिटरमधील (वीज साठवणाऱ्या भागातील) भार उतरण्याआधी कनेक्टर ओढल्यास एअरबॅग उघडू शकते. काढलेले मॉड्यूल नेहमी आवरण वर करून ठेवतात. जुन्या व नव्या इन्फ्लेटरचे अनुक्रमांक स्कॅन करून चॅसिस क्रमांकाशी जोडतात, नट टॉर्क पान्याने ठरलेल्या मूल्यापर्यंत आवळतात. कनेक्टर अर्धवट बसणे ही नेहमीची चूक. इग्निशन सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. काढलेला इन्फ्लेटर भंगारात देता येत नाही. तो धोकादायक माल म्हणून परत पाठवतात.

उपाय नेहमीच पूर्ण भाग बदलण्याचा नसतो. अडकणाऱ्या अॅक्सिलरेटर पेडलसाठी टोयोटाने २०१० मध्ये यंत्रणेत पोलादी पट्टी बसवून घर्षण कमी केले. मॅटमध्ये अडकणारे पेडल कापून आखूड केले.

सुटे भाग तयार होईपर्यंत तात्पुरत्या सूचना द्याव्या लागतात. जनरल मोटर्सच्या वरील स्विचच्या बाबतीत जुडग्यातून बाकी सर्व काढून एकटी किल्ली वापरण्यास सांगितले होते. शेव्हरोले बोल्ट या विजेवरच्या मोटारीच्या बॅटरीत फाटलेला ॲनोड टॅब (ऋण टोकाची जोडपट्टी) व दुमडलेला विभाजक (दोन टोके वेगळी ठेवणारा पडदा) हे दोन दोष एकाच सेलमध्ये आल्यास आग लागू शकत असे. मालकांना ९०% पर्यंतच चार्ज करण्यास व गाडी इमारतीपासून दूर, उघड्यावर लावण्यास सांगितले गेले.

अपूर्ण राहणारे रिकॉल. वाहन जितके जुने, तितके ते दुरुस्तीला येण्याचे प्रमाण घटते. मालकी बदलते, सूचना जुन्या पत्त्यावर जाते, आणि गाडी अधिकृत केंद्राऐवजी बाहेरच्या गॅरेजमध्ये जाऊ लागते. सदोष इन्फ्लेटर मात्र वयासोबत अधिक घातक होतो. जुने वाहन घेताना चॅसिस क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासावा. भंगारातून आलेला एअरबॅग मॉड्यूल गाडीत बसवलेला असेल, तर त्या क्रमांकाच्या नोंदीत तो दिसत नाही आणि मॉड्यूलवरील अनुक्रमांकच पाहावा लागतो.