सर्व्हर आपल्याच मेजावर

वेबपेज बनवायला शिकणारे बहुतेक जण सुरुवातीला एचटीएमएलची फाइल सेव्ह करतात, तिच्यावर दोनदा क्लिक करतात आणि ब्राउझरमध्ये पान बघतात. काही दिवस हे छान चालतं. मग पानाला जावास्क्रिप्टचं एखादं मॉड्यूल जोडलं, किंवा शेजारच्या जेसन फाइलमधून (माहिती साठवण्याचा एक साधा प्रकार) माहिती वाचायला सांगितलं, की पान कोरं राहतं आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, ‘सीओआरएस’चा (एका ठिकाणच्या पानाने दुसऱ्या ठिकाणची माहिती कधी वाचावी याचे नियम) उल्लेख असलेली लाल ओळ उमटते. कोड कितीही तपासला तरी चूक सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच.

अडवणूक ब्राउझर करतो, आणि ती आपल्या भल्यासाठी असते. डिस्कवरून थेट उघडलेल्या फाइलला तो बाकीच्या फाइलींशी नातं जोडू देत नाही. तसं नसतं, तर कुठून तरी उतरवून घेतलेलं एखादं पान आपली इतर कागदपत्रं गुपचूप वाचू शकलं असतं. तेव्हा उपाय एकच: पान एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवर पानं मागण्या-देण्याच्या ठरलेल्या नियमांच्या, रीतसर वाटेने मागवायचं. त्यासाठी सर्व्हर लागतो.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी थंड खोलीत ठेवलेलं मोठं यंत्र, ही समजूत आधी सोडायला हवी. सर्व्हर हा मुळात एक प्रोग्राम आहे. तो मागणीची वाट पाहत बसतो आणि मागणी आली की उत्तर देतो. जगातला पहिला वेब सर्व्हर १९९० साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर चालला, आणि पहिला ब्राउझरही त्याच यंत्रावर होता. कुणी तो संगणक बंद करू नये म्हणून लाल शाईत सूचना लिहिलेली चिठ्ठी त्याला चिकटवलेली होती. म्हणजे मागणारा आणि देणारा एकाच मेजावर, अशीच वेबची सुरुवात झाली.

आज हे करायला एक ओळ पुरते. संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आपल्या फोल्डरात जायचं आणि ‘पायथन थ्री, डॅश एम, एचटीटीपी डॉट सर्व्हर’ ही आज्ञा द्यायची. मग ब्राउझरच्या पट्टीत ‘लोकलहोस्ट’, विसर्गासारखं कोलन आणि ८००० लिहायचं. पीएचपी या दुसऱ्या भाषेतही ५.४ आवृत्तीपासून असा सर्व्हर आतच मिळतो.

लोकलहोस्ट म्हणजे आपलाच संगणक, सहसा १२७.०.०.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कवर संगणक ओळखण्याचा क्रमांक). या पत्त्यावर पाठवलेला डेटा नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही. ऑपरेटिंग सिस्टिम तो आतल्या आत परत फिरवते. त्यामुळे वायफाय बंद असलं तरी पान उघडतं. ‘१२७’ने सुरू होणारे सगळेच पत्ते, १ कोटी ६७ लाखांहून अधिक, याच कामासाठी राखून ठेवले आहेत. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत मात्र त्यासाठी एकच पत्ता दिला आहे.

८००० हा पोर्ट. आयपी पत्ता चाळीचा असेल, तर पोर्ट हा खोलीचा नंबर. हे नंबर ६५,५३५ पर्यंत जातात आणि एका खोलीत एका वेळी एकच बिऱ्हाड राहतं. ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी तक्रार आली, तर बहुधा दुसऱ्या खिडकीत जुना सर्व्हर चालू राहिलेला असतो. कंट्रोल-सी दाबून तो थांबवावा, नाहीतर दुसरा नंबर घ्यावा.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती टर्मिनलवर सरकत जाणारी नोंद. एक पान उघडलं की ओळींमागून ओळी येतात: पानासाठी एक, स्टाइलशीटसाठी एक, प्रत्येक चित्रासाठी एक. २०० म्हणजे दिलं, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ३०४ म्हणजे फाइल बदललेली नाही, तुझ्याजवळची प्रत वापर. आपण न मागितलेल्या ‘फेव्हआयकॉन’साठीही एक ४०४ दिसतो, कारण टॅबवरचं चिन्ह ब्राउझर स्वतःहून मागतो. पाठ्यपुस्तकात वाचलेलं एचटीटीपी इथे डोळ्यांसमोर घडतं, आणि म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याने ही नोंद एकदा तरी सावकाश वाचावी.

मराठी पानांसाठी एक काळजी हवी. यूटीएफ-८ या लिपीसंहितेत (अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. हा साधा सर्व्हर एचटीएमएल फाइलची लिपीसंहिता कळवत नाही. पानाच्या डोक्यात ती लिहिलेली नसेल तर ब्राउझर अंदाज करतो, आणि तो चुकला की मराठीच्या जागी चमत्कारिक रोमन अक्षरांची रांग दिसते. पानाच्या डोक्यातल्या मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहिलं की प्रश्न मिटतो.

दुसरी काळजी सुरक्षेची. पायथनचा हा सर्व्हर काही सांगितलं नाही तर संगणकाच्या सगळ्या नेटवर्क जोडण्यांवर ऐकतो. फायरवॉलने अडवलं नाही, तर कॉलेजच्या वायफायवरचा कुणीही आपलं फोल्डर चाळू शकतो. त्यामुळे आज्ञेतल्या ‘बाइंड’ पर्यायात, म्हणजे कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते सांगताना, १२७.०.०.१ द्यावा. खरी वेबसाइट तर यावर कधीच चालवू नये, असा इशारा पायथनच्या अधिकृत माहितीतच दिला आहे.

पान मोबाइलवर तपासायचं असेल तर ‘बाइंड’ न देता, ओळखीच्या वायफायवर, संगणकाचा १९२.१६८ असा सुरू होणारा पत्ता मोबाइलमध्ये टाकता येतो. पण तिथे कॅमेरा किंवा ठिकाण वापरणारा कोड चालत नाही. त्यासाठी ब्राउझरला एचटीटीपीएस, म्हणजे एचटीटीपीचं सुरक्षित रूप, लागतं, सूट मिळते ती फक्त लोकलहोस्टला. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून क्रोममधलं पोर्ट फॉरवर्डिंग सुरू केलं, की फोनचा लोकलहोस्ट आपल्या संगणकाकडे वळतो आणि कॅमेराही चालतो.