स्पायरोग्राफच्या दात्यांमधलं गणित

लहानपणीचा स्पायरोग्राफ, म्हणजे दातेरी कडीत दातेरी चकती फिरवून तिच्या छिद्रातल्या पेनाने नक्षी काढायचं खेळणं, बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती लागला, तर पेन शोधण्याआधी चकत्यांवरचे बारीक आकडे वाचून पाहावेत. 30, 36, 45, 52, 63, 72. तेव्हा आपलं सगळं लक्ष छिद्रांवर आणि शाईच्या रंगांवर असायचं, या आकड्यांकडे कोण पाहणार? पण नक्षीला किती पाकळ्या येणार हे तेच ठरवतात. पेन कागदाला टेकण्याआधीच ते सांगता येतं, याचा आनंद नक्षीइतकाच मोठा आहे.

चकतीवरचा आकडा म्हणजे तिच्या दात्यांची संख्या. जुन्या संचात दोन कड्या असत. एकीला आतून 96 आणि बाहेरून 144 दाते, दुसरीला आतून 105 आणि बाहेरून 150. समजा, 96 च्या कडीत 36 ची चकती फिरवायला घेतली. चकतीचा तोच दाता कडीच्या त्याच खाचेत परत येईपर्यंत रेघ पूर्ण होत नाही. तो कधी येईल? 96 आणि 36 यांचा लसावि 288, म्हणजे 288 दाते ओलांडल्यावर. तेवढ्या वेळात कडीच्या आतून 288 ÷ 96 = 3 फेऱ्या होतात आणि 288 ÷ 36 = 8 पाकळ्या उमटतात. छिद्र कोणतंही घ्या, पाकळ्या आठच. काठाजवळच्या छिद्रातून त्या अणकुचीदार येतात, मध्याजवळच्या छिद्रातून नुसत्या मंद लाटा. लसावि-मसावि शिकवताना हे खेळणं प्रत्येक बाकावर असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दोन कड्या का, याचंही उत्तर इथेच आहे. 96 चे मूळ अवयव फक्त 2 आणि 3. 105 चे 3, 5 आणि 7. त्यामुळे एकच चकती कडी बदलली की वेगळंच काढते. 63 ची चकती 105 मध्ये तीन फेऱ्यांत पाच पाकळ्यांचं फूल काढते. तीच 96 मध्ये घातली तर 21 फेऱ्या आणि 32 पाकळ्या. 52 आणि 105 यांना तर 1 सोडून सामाईक विभाजकच नाही, म्हणून 52 फेऱ्या मारल्यावर 105 पाकळ्यांची दाट जाळी तयार होते. अशा लांबलचक नक्षीत चकती सतत कडीकडे दाबून धरावी. दात्यांमध्ये बारीकशी फट असतेच, आणि तेवढ्यानेही रेघ सरकते.

दाते चकतीला घसरू देत नाहीत, हे उघडच आहे. पण त्यांच्यामुळे दोन्ही परिघांचं गुणोत्तर पूर्णांकांत बांधलं जातं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गुळगुळीत चाकं घेतली आणि त्यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर 2 च्या वर्गमुळाइतकं अपरिमेय असलं, तर न घसरताही ती रेघ आपल्या सुरुवातीला कधीच मिळणार नाही.

96 मध्ये 48 ची चकती घालून पाहिलीत? पाकळी एकही नाही, सरळ लंबवर्तुळ! पेन अगदी परिघावर ठेवता आलं असतं, तर तेही चपटं होऊन सरळ रेषा झाली असती. अर्ध्या मापाचं वर्तुळ मोठ्या वर्तुळात फिरवून सरळ रेषा मिळवण्याची ही युक्ती नसीरुद्दीन अल-तुसी या खगोलज्ञाने तेराव्या शतकात ग्रहगती मांडण्यासाठी वापरली होती.

आपल्या ओळखीचं खेळणं बाजारात आणलं ते डेनिस फिशर या ब्रिटिश अभियंत्याने, 1965 मध्ये. अशा वक्रांवर अभ्यासकांचं लक्ष मात्र फार आधीपासून होतं.

कडीच्या बाहेरून चकती फिरवायला आपण सहसा कंटाळायचो, कारण ती निसटायची. तरी 144 च्या बाहेरून 72 ची चकती, मध्याकडचं छिद्र घेऊन, एकदा फिरवाच. एका फेरीत कंबरेशी किंचित आत गेलेला, दोन फुगवट्यांचा आकार मिळतो. वांकेल इंजिनाच्या, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या भागावर (रोटरवर) चालणाऱ्या इंजिनाच्या, पोकळीची आतली भिंत याच जातीच्या वक्राची असते. तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो आणि पूर्ण फेरीभर त्याची तिन्ही टोकं भिंतीला लागून राहतात. त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यामध्ये तीन वेगळे कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्प्यात इंधन आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं क्रमाने चालू राहतं.