फायरपिट घेताय किंवा घेतलाय? मग पाण्याची बादली बाजूला ठेवा आणि हे वाचा

आम्ही फायरपिट, म्हणजे बागेत शेकोटी पेटवायच्या लोखंडी वाट्या, बनवतो. दिवाळी झाली की आमच्या वर्कशॉपला दोन प्रकारचे फोन चालू होतात. एक म्हणजे "फार्महाऊसच्या लॉनवर फायरपिट ठेवायचाय, कुठला घेऊ?" आणि दुसरा, थर्टी फर्स्टच्या आगेमागे, "तुमच्या फायरपिटचा तळ वाकलाय हो, पत्रा पातळ लावलात का?" पहिल्या फोनवर आम्ही अर्धा तास सुद्धा बोलतो, आनंदाने. हे पत्रक छापलंय ते मात्र दुसऱ्या फोनसाठी, कारण तो आला की आम्ही एकच प्रश्न विचारतो, "रात्री विझवलात कसा?" आणि पलीकडून जरा थांबून उत्तर येतं, "पाणी टाकलं की. अजून कसा विझवणार?"

तिथेच सगळा घोळ आहे.

घरात गरम तव्यावर कुणी गार पाणी ओतलं तर आई ओरडते ना, का ओरडते ते सगळ्यांना माहीत असतं, पण तीच माणसं बागेत गेल्यावर दहा लिटरची बादली थेट निखाऱ्यांवर रिकामी करतात. लोखंड तापलं की वाढतं. अडीच फुटी वाटी ४०० डिग्रीपर्यंत तापली तर तिचा व्यास साडेतीन मिलीमीटरच्या आसपास वाढतो, आणि निखाऱ्याखालचा तळ तेवढा सहज तापतो. आता त्यात पाणी पडलं की जिथे पडलं तेवढाच भाग झटक्यात आकसतो, बाजूचा अजून फुगलेलाच असतो, दोघांची ओढाताण होते आणि तळाला जो पोक येतो तो परत बसत नाही, हातोडीने ठोकलात तरी दुसरीकडून वर येतो. हे एमएसचं, म्हणजे माइल्ड स्टीलच्या साध्या लोखंडी पत्र्याचं झालं. एमएस निदान वाकतं, तडकत नाही, पण पायांची वेल्डिंग उकलू शकते. बिडाचा फायरपिट असेल तर तो वाकायच्या भानगडीत पडत नाही, सरळ तडकतो, आणि तडकलेलं बीड आम्हीच काय कुणीही भरवशाचं जोडून देत नाही, ते भंगारातच जातं. आतून फायर ब्रिक्स (भट्टीच्या, उष्णता सोसणाऱ्या विटा) लावलेल्या असतील तर त्यांच्याही चिपा उडतात.

आणि पत्रा जाऊ दे, माणसाचं काय? एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती १६००-१७०० लिटर जागा घेते. ही वाफ एका क्षणात वर येते आणि येताना गरम राख आणि निखाऱ्याचे तुकडे घेऊन येते. आणि पाणी ओतणारा माणूस नेमका वाकून बघत असतो, विझलं का म्हणून.

मग विझवायचं कसं? खरं तर विझवायचा नसतोच, त्याला संपू द्यायचं असतं. उठायच्या तासभर आधी लाकूड घालणं बंद करा. ओंडके जळून निखारे झाले की चिमट्याने किंवा सळईने ते पसरवा, ढीग ठेवू नका, पसरलेला निखारा लवकर मरतो. मग वरून झाकण. झाकण बसलं की हवा तुटते, ठिणगी वाऱ्यावर जात नाही, आणि तुम्ही झोपायला मोकळे. झाकण नसेल तर कोरडी वाळू किंवा मागच्या वेळची कोरडी राख पसरा. कोरडी म्हटलं, ओली नाही.

यावर हमखास प्रश्न येतो, "मग शेजारी पाण्याची बादली ठेवा असं तुम्हीच का सांगता?" बादली ठेवायचीच, एक पाण्याची आणि एक वाळूची. पण ती फायरपिटसाठी नाही, बाजूच्या गवतासाठी आणि माणसांसाठी आहे. ठिणगी लॉनवर पडली, कुणाची ओढणी पेटली, तर पाणी. आणि आग खरंच हाताबाहेर जातेय असं वाटलं तर मात्र आमच्या वाटीचा विचार करू नका, ओता खुशाल आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा, वाटी नवीन करता येते. कुणाला भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी वीसेक मिनिटं सोडा आणि मग डॉक्टर. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

आता वॉरंटीबद्दल एकदाच स्पष्ट लिहितो. आमच्या वेल्डिंगची वॉरंटी आम्ही देतो आणि पाळतो, पाय निखळला, हँडल सुटलं तर घेऊन या, चहा प्या, करून न्या. पण पाण्याने वाकलेला तळ वॉरंटीत धरत नाही. तो ओळखू येतो, पोक एकाच बाजूला असतो आणि आत राखेचा घट्ट थर चिकटलेला असतो. काहींना हे कडक वाटतं. पण एक तळ कापून नवीन लावायचा म्हणजे एका कारागिराचा अख्खा दिवस, तोही नेमका सीझनमध्ये, आणि तेवढ्यात ज्यांची ऑर्डर ठरल्या तारखेला द्यायचीय त्यांची थांबते.

"कुठला घेऊ?"

पहिलं बघायचं ते जाडी. ऑनलाइन दिसायला सुंदर आणि किमतीला निम्मे फायरपिट भरपूर मिळतात, त्यात बरेच एक-सव्वा एमएम पत्र्याचे असतात, ते पाणी न टाकताही एका सीझनमध्ये तोंड वाकडं करतात. आम्ही ३ एमएमच्या खाली करतच नाही, आणि हॉटेल, रिसॉर्ट, होमस्टे अशा ठिकाणी जिथे रोज पेटणार तिथे ५ एमएम सांगतो. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, वजन करा. एक स्क्वेअर फूट पत्रा एक एमएम जाडीला पाऊण किलोच्या जरा आत भरतो, म्हणजे ३ एमएमला सव्वादोन किलोच्या आत-बाहेर, ५ एमएमला साडेतीनच्या वर. "पाच एमएम आहे साहेब" म्हणत कुणी फूल उचलल्यासारखी वाटी उचलून दाखवत असेल तर समजून जा. आमचीही वजन करून घ्या, काटा वर्कशॉपमध्येच आहे.

धातू कुठला ते जागेवर आहे. पुणे, नाशिक, वाई, भोर या बाजूला साधं एमएस उत्तम. बाहेरून हीटप्रूफ रंग असतो, आतून आम्ही मुद्दाम रंग देत नाही, कारण आतला रंग पहिल्या दोन वेळांत जळणारच आणि त्याचा वास तुमच्या पाहुण्यांना येणार. आतून गंजल्यासारखं दिसतं म्हणून परत आणू नका, ते तसंच असतं. गंजाच्या रंगाचं कॉर्टेन स्टील सध्या आर्किटेक्ट लोकांना फार आवडतं आणि दिसतंही छान, पण अलिबाग, मुरुड, दापोली अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी त्याचा गंज थांबत नाही, खात जातो. तिथे कॉर्टेन मागितलंत तर आम्ही एकदा तरी नको म्हणणार, मग तुमची मर्जी. समुद्राजवळ स्टेनलेस घ्या, महाग पडतं, आणि तेही आगीने निळं-तपकिरी होतं, नव्या भांड्यासारखं चकचकीत राहील ही आशा सोडा.

एक गोष्ट मात्र कुणीच करू नका, जीआयचा टब किंवा जुनी गॅल्व्हनाइज्ड बादली कापून शेकोटी. जीआयवर जस्ताचा थर असतो, जस्त ४२० डिग्रीच्या आसपास वितळतं, अजून तापलं की त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की दुसऱ्या दिवशी फ्लू झाल्यासारखं अंग मोडून ताप येतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला माहीत आहे.

गॅसचे फायरपिट आम्ही करत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली खड्ड्यात साचून बसतो, त्याचं व्हेंटिलेशन आणि पाइपिंग हे वेगळ्या माणसाचं काम आहे.

कुठे ठेवायचा

घर, झाड, गाडी, कंपाउंडचा वेल, हिरवी शेडनेट, पार्टीचा मंडप या सगळ्यापासून निदान दहा फूट, आणि वर मोकळं आकाश. गुलमोहराखाली किती छान फोटो येईल हे आम्हालाही कळतं, पण नको. प्लास्टिकच्या लॉनवर तर अजिबात नको, ठिणगीने भोकं पडतात आणि वाटीखाली वितळतं. शहाबादी किंवा कोटा फरशीवर आग थेट करू नका, फरशी तडकून उडते. पाय असलेली वाटी असेल तरी खाली विटांचा एक थर किंवा दोन इंच कोरडी वाळू द्या. टेरेसवर ठेवायचा असेल तर आधी सोसायटीला विचारा आणि वॉटरप्रूफिंग करणाऱ्यालाही, नंतर गळतीचं बिल आमच्या नावावर नको.

शोभेसाठी आत नदीतले गोटे घालणाऱ्यांनो, कृपया ऐका. गोट्यात आत पाणी मुरलेलं असतं, तापला की फुटतो, आणि तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. कोकणात जांभा वापरतात, तो तर पाणी पिऊनच असतो. दगडी फायरपिट गोल बांधून हवा असेल तर आतून फायर ब्रिक्स, बाहेरून दगड, हे आम्ही साइटवर येऊन करून देतो.

मुळशी, पानशेत, महाबळेश्वर, इगतपुरी या बाजूचे लोक आमचे निम्मे ग्राहक आहेत, त्यांना वेगळं सांगणं. फेब्रुवारीनंतर डोंगरावरचं गवत पिवळं पडतं आणि एक ठिणगी वणव्याला पुरते. त्या दिवसांत वर ठिणग्या अडवणाऱ्या जाळीशिवाय पेटवू नका, वारा असेल तर पेटवूच नका. प्लॉट राखीव जंगलाला लागून असेल तर वन कायदाही आहे, १९२७ चा, त्यात जंगलात आग लावणं गुन्हा आहे, आणि "ठिणगी उडाली हो" हे तिथे चालत नाही.

"धूर आमच्याच तोंडावर येतो"

येणारच, लाकूड ओलं आहे. नव्वद टक्के तक्रारी इथेच संपतात (टक्के अंदाजाने लिहिलेत, भांडू नका). ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, ते वीस टक्क्यांच्या खाली आलं की मगच नीट जळतं, त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. वखारीत लाकूड किलोवर मिळतं, म्हणजे ओलं घेतलंत तर पाण्याचेच पैसे दिलेत. सुकलेलं ओळखायचं सोपं आहे, टोकाला चिरा पडलेल्या दिसतात, साल सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर मारले की टणक आवाज येतो, ओल्याचा थपकन येतो. बाभूळ, सुबाभूळ, चिंच चांगली, निखारा टिकतो. आंबा चालतो. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन राळेमुळे फार ठिणग्या उडवतं. बांबू घालायचा तर चिरून घाला, पेराच्या आत हवा कोंडलेली असते, फटाका वाजतो. आमचा डबल भिंतीचा कमी धुराचा मॉडेल आहे, त्यात दोन भिंतींमधून हवा गरम होऊन वरच्या भोकांतून येते आणि धूरच जाळून टाकते, छान चालतो, पण ओलं लाकूड घातलंत तर तोही धूरच देणार, त्याबद्दल फोन केलात तर आम्ही वरचाच परिच्छेद वाचून दाखवू.

प्लायवूड, लॅमिनेट, रंगवलेल्या जुन्या खिडक्या घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. माल ठेवायच्या लाकडी पॅलेटवर 'एमबी' असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, तो बाजूला ठेवा, 'एचटी' म्हणजे नुसतं तापवलेलं, ते चालेल. कचरा, थर्माकोल, पार्टीच्या प्लेटा तर नकोच. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातलीय, ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणात असेल तर २५,०००. पेटवायला पेट्रोल नको, त्याची वाफ आधी जमिनीवर पसरते आणि मग काडी ओढली की सगळं एकदम. काटक्या, सुकी करवंटी आणि थोडा धीर एवढं पुरतं. ज्यांची थोडी झालेली आहे त्यांना फुंकणी आणि बाटली दोन्हीपासून लांब बसवा.

हुरड्याची चौकशी डिसेंबरपासून चालू होते. फायरपिटमध्ये हुरडा होतो, पण ज्वाळेवर नाही. तळाला चार बोटं राख ठेवा, वर गोवऱ्या पेटवा, त्या लाल होऊन धूर थांबला की कणसं त्या आरात खुपसा, फिरवत राहा. लाकडाच्या आगीवर धरलीत तर वरून काळा आणि आतून कच्चा. हुरड्यासाठी आमची उथळ वाटी घ्या, खोल वाटीत हात भाजतो.

आणि थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची वाटी तंबूत, गाडीत किंवा खोलीत नेऊ नका, दार थोडं उघडं ठेवून सुद्धा नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात. ग्लॅम्पिंगवाल्यांनी (पाहुण्यांना ऐटीच्या तंबूत ठेवणाऱ्यांनी) हा परिच्छेद फोटो काढून पाहुण्यांच्या तंबूत लावावा.

राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गार झाली असं धरू नका, खाली निखारा जिवंत राहतो. झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा, त्या डब्यात पाणी घाला हवं तेवढं, प्लास्टिकच्या डब्यात किंवा घंटागाडीत गरम राख टाकू नका. झाडांना घालायची तर कोकणातल्या तांबड्या मातीला चालते, आपल्याकडच्या काळ्या मातीत जपून, ती आधीच अल्कली असते. पावसाळ्यात वाटी उपडी ठेवा किंवा तळाचं भोक काटकीने मोकळं करत जा, ओली राख साचून राहिली की लोखंड तिथूनच खातं.

झाकणाबद्दल शेवटचं. आम्ही ते वेगळं विकतो म्हणून काही जण म्हणतात की पैसे काढायचा धंदा आहे. वेगळं विकतो कारण पाच-सहा वर्षांपूर्वीचे, दुसरीकडून घेतलेले, गावच्या लोहाराने केलेले असे सगळे फायरपिट लोकांकडे आहेत आणि झाकण त्यांनाही लागतं. कुठल्याही मापाचं करून देतो, जाळीसकट हवं तर तसं. माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्या, दोन दिशांनी घ्या कारण वापरलेली वाटी पूर्ण गोल राहिलेली नसते, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो टाकताना शेजारी टेप उघडून ठेवा. नोव्हेंबरात सांगितलंत तर आठवड्यात मिळेल, थर्टी फर्स्टला सकाळी सांगितलंत तर वाळूची बादली भरून ठेवा.