लो-पास, हाय-पास: टेलिफोनच्या तारेतून पीएलसीत

गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात पीएलसीचा (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचा) प्रोग्रॅम उघडला, की टाकीच्या लेव्हलपाशी बहुधा अशी एक ओळ दिसते: नवे मूल्य = जुने मूल्य + अल्फा × (आताचे रीडिंग − जुने मूल्य). हाच लो-पास फिल्टर: संथ बदल सोडतो, झटके अडवतो. अल्फा म्हणजे फरकाचा किती भाग घ्यायचा ते सांगणारा, शून्य ते एकमधला आकडा. अ‍ॅजिटेटर (ढवळणारे यंत्र) चालू असला की द्रवाचा पृष्ठभाग हलतो, रीडिंग नाचते, आणि ही ओळ त्याला आवर घालते. मूळ रीडिंगमधून हे शांत मूल्य वजा केले की उरतो तो हाय-पास: संथ बदल गेले, झटके राहिले.

या ओळीचे मूळ टेलिफोनमध्ये आहे. 1915 च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी स्वतंत्रपणे कॉइल-कपॅसिटरच्या साखळीतून ठराविक फ्रिक्वेन्सी सोडणारे आणि बाकीच्या अडवणारे सर्किट मांडले. तारेच्या एकाच जोडीवरून अनेक संभाषणे न्यायची, तर ती दुसऱ्या टोकाला वेगळी करता यायला हवीत. 1918 मध्ये बाल्टिमोर–पिट्सबर्ग मार्गावर ते प्रत्यक्षात आले. 1930 मध्ये ब्रिटनच्या स्टीफन बटरवर्थने हव्या त्या फ्रिक्वेन्सी सारख्याच जोराने सोडणारी रचना दिली, आणि 1955 मध्ये सॅलन व की यांनी अवजड कॉइलच काढून टाकली.

कारखान्यातला कंट्रोलर या वंशातला नाही. गोवा औद्योगिक विकास महामंडळ 1966 मध्ये उभे राहिले तेव्हा पीएलसी जन्मायचाच होता. 1969 चा मोडिकॉन 084 आला तो रिलेंच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांच्या, जागी. चालू-बंदच्या त्या जगात फिल्टर कशाला लागणार? तो आला अ‍ॅनालॉग इनपुटबरोबर, म्हणजे लेव्हलसारखी सतत बदलणारी मूल्ये वाचू लागल्यावर. पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या 1993 च्या आयईसी 61131-3 या आंतरराष्ट्रीय मानकात टायमर आणि काउंटरचे ब्लॉक (प्रोग्रॅमचे तयार तुकडे) प्रमाणित झाले, लो-पासचा नाही. म्हणून आजही प्रत्येक कंपनीचा ब्लॉक वेगळा, नाहीतर प्रोग्रॅमरची स्वतःची ओळ.

घोळ इथेच सुरू होतो. सर्किटमध्ये टाइम कॉन्स्टंट, म्हणजे फिल्टर बदलामागे किती सावकाश जातो ते सांगणारा वेळ, रेझिस्टर-कपॅसिटरवर ठरायचा. आता तो स्कॅन टाइमवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेवर ठरतो. अल्फा म्हणजे स्कॅन टाइम भागिले (टाइम कॉन्स्टंट + स्कॅन टाइम). स्कॅन 10 मिलिसेकंद आणि टाइम कॉन्स्टंट 2 सेकंद धरला, तर अल्फा साधारण 0.005. पुढे प्रोग्रॅम वाढून स्कॅन 20 मिलिसेकंदांवर गेला आणि अल्फा तोच राहिला, तर टाइम कॉन्स्टंट गुपचूप 4 सेकंद होतो आणि कालपर्यंत ठीक चाललेला पीआयडी लूप (लेव्हल ठरल्या जागी धरणारे स्वयंचलित नियंत्रण) झुलू लागतो. म्हणून ही ओळ ठरावीक वेळाने धावणाऱ्या टास्कमध्येच हवी. आणि गणित रिअलमध्ये, म्हणजे दशांशांत. इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकांत, 0.005 ने गुणण्याऐवजी 200 ने भागले की 200 काउंटपेक्षा लहान फरकाचे उत्तर शून्य येते आणि मूल्य वाटेतच अडकते. सिमेन्सच्या पीएलसीत रीडिंग 0 ते 27648 काउंटमध्ये येते; त्या पट्ट्यात ते 0.7 टक्के, पाच मीटरच्या टाकीत साडेतीन सेंटिमीटर!

पण माझ्या मते सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच आहे. रीडिंग दर 100 मिलिसेकंदांनी घेतले जाते आणि केबलमध्ये विजेची घरघर शिरली आहे, असे धरा. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेमकी 50 हर्ट्झ नसते, 49.90 ते 50.05 हा तिचा ठरवलेला पट्टा. ती 49.95 असेल, तर पीएलसीला दिसते 20 सेकंदांत एक हेलकावा घेणारी संथ लाट. टाकीच भरते-रिकामी होते असे वाटावे, इतकी संथ. 2 सेकंदांचा लो-पास तिला बहुतांशी तशीच सोडून देतो, कारण नमुना घेतल्यावर घरघर आणि खरी लेव्हल यांत फरक करायला काही उरतच नाही.

हे काम नमुना घेण्याआधीच व्हावे लागते, तारेवर किंवा इनपुट मॉड्यूलमध्ये. बऱ्याच मॉड्यूलमध्ये त्यासाठी 50 की 60 हर्ट्झ अशी सेटिंग असते, आणि अमेरिकेतून आलेल्या मशीनमध्ये ती 60 वर असू शकते. अल्फाला हात लावण्याआधी ती पाहावी.